खाऱ्या बापाची बाजू

दिल्लीहून परत आल्यावर जो तो विचारत होता, काय काय पाहिलंस. मी खरं ते सांगितलं: मानेसरची एक प्रयोगशाळा पाहिली आणि झज्जर जिल्ह्यातलं एक भाताचं शेत पाहिलं. लाल किल्ला लांबूनही दिसला नाही. ऐकणाऱ्यांचा हिरमोड व्हायचा. शेजारच्या काकूंनी मात्र मला बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "शेतच पाहायचं होतं तर आपलं काय वाईट होतं?" त्यांना सगळं सांगायला दुपार गेली. तेच इथे लिहिते आहे.

मी कोकणातल्या एका भात संशोधन केंद्रात काम करते. आमच्या भागात खाडीलगत खाजणं आहेत. भरतीचं पाणी बांध फोडून आत शिरलं की ती शेतं खारी होतात. तिथे एक जुना वाण तग धरून आहे. उंच, वाऱ्याने लोळणारा, तांबड्या दाण्याचा, उत्पन्न बेताचं. त्याचे पराग एका सुधारित मादी वाणावर घेऊन आम्ही संकर केला. संकराची रोपं दोघांपेक्षा सरस निघाली. फुटवे जास्त, लोंब्या भरलेल्या, आणि खाऱ्या जमिनीतही मान ताठ. आईबापांपेक्षा पोर वरचढ निघतं तेव्हा आम्ही त्याला संकरजोम म्हणतो. तो का येतो, हे अजून कुणाला पुरतं सांगता येत नाही.

हा संकर अनेक केंद्रांच्या एका सामाईक कार्यक्रमात होता. कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. माथुर दिल्लीत असतात. त्यांचं मत असं की संकर चांगला आहे, पण बाप, म्हणजे तो जुना वाण, बदला. बाप लोळतो, त्याचं बी करायला बीजोत्पादक तयार होत नाहीत, त्याच्या जागी एखादा आखूड आणि शिस्तीचा वाण घ्या. सप्टेंबरच्या अखेरीस बैठक होती आणि त्या बैठकीत आमच्या खाऱ्या बापाचं नाव कटणार होतं. माझं म्हणणं होतं की खाऱ्या जमिनीतला जोम त्याच्याकडूनच येतो. पण नुसत्या म्हणण्याला बैठकीत कोण विचारतं?

दाखवायचा एक मार्ग होता. रोपाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. जे जनुक कामाला लागतं त्याच्या प्रती पेशीत तयार होऊ लागतात. त्या प्रती म्हणजे आरएनए. त्या मोजल्या की कुठलं जनुक जागं आहे आणि किती, ते कळतं. शिवाय आईच्या आणि बापाच्या जनुकात एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असतो, त्यामुळे संकरात तयार झालेली प्रत आईकडची की बापाकडची तेही ओळखता येतं. अडचण एवढीच की आरएनए फार नाजूक. रोपाचा तुकडा तोडल्याबरोबर गोठवावा लागतो आणि मोजेपर्यंत गोठलेलाच ठेवावा लागतो.

मी खाजणात लावलेल्या आई, बाप आणि संकर अशा तिघांच्या कोवळ्या लोंब्या गोठवल्या, कोरड्या बर्फाच्या पेटीत भरल्या, रीतसर सांगून विमानात चढवल्या आणि निघाले. दिल्लीत मी उतरले. पेटी उतरली नाही.

आर. के. पुरम

मीनाताई माझी मावसबहीण. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे आणि आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहते. लग्न होऊन दिल्लीला आली ती तिथलीच झाली. तिचे यजमान तेव्हा कामानिमित्त गुवाहाटीला होते, घरी ती आणि कॉलेजात शिकणारी तिची मुलगी ईशा.

"पेटी आलीच नाही? कमाल आहे यार," मीनाताई दार उघडता उघडता म्हणाली. "कुठे गेली म्हणतात?"

"बहुतेक दुसऱ्याच विमानात चढली. येईल म्हणतात."

"येईल ना? मग बस. आधी जेव."

राजमा आणि लांब दाण्याचा मोकळा भात होता. भात इतका सुटा की हाताने कालवताना दाणे पळत होते. मी सोबत आणलेले लाल तांदूळ बाहेर काढले तेव्हा ईशाने मूठभर हातात घेऊन पाहिले.

"मावशी, हे ब्राउन राइस?"

"नाही गं. हा खाजणातला तांबडा."

"खाजण म्हणजे?"

मीनाताईने तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्याकडे पाहून हसली. "बघ ना. माझ्याही तोंडात आता हे शब्द येत नाहीत. सांग तूच."

मी सांगितलं. ईशा म्हणाली, "अच्छा, म्हणजे समुद्राचं खेत," आणि लगेच "शेत, शेत" अशी दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या तांदळाची पेज केली. ताईने वाटी तोंडाला लावली आणि संपवून पुन्हा भरून घेतली. ईशाला ती आवडली नाही. तिने त्यात लोणचं कालवलं आणि मग संपवली.

पेटी येण्याची वाट पाहण्यात मी घरात येरझारा घालत होते. खाली बागेत संध्याकाळी कॉलनीतल्या बायका फिरायला यायच्या. एक बंगाली, एक ओडिया, एक मल्याळी, सगळ्या एकमेकींशी हिंदीत बोलायच्या आणि प्रत्येकीची हिंदी वेगळी. मीनाताई त्यांच्यात गेली की तिचा आवाजही बदलायचा, थोडा मोठा आणि थोडा मोकळा. घरात शिरली की पुन्हा आमची मीनाताई.

मानेसर

पेटी सापडली, आणि मी ती विमानतळावरून थेट मानेसरला घेऊन गेले. सकाळची वेळ होती. कारखान्यांच्या बसगाड्या एकामागोमाग एक फाटकांतून आत वळत होत्या, सामायिक रिक्षांतून माणसं उतरून धावत होती. या मोटारी बनवणाऱ्या गावात, एका साध्या दुमजली इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. आमच्या केंद्राने चाचण्यांचं काम तिथे दिलेलं होतं. तिथल्या कामाची जबाबदारी रुबीनाकडे होती. मूळची मेरठची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कमी बोलणारी.

तिने पेटी उघडली. कोरड्या बर्फाचं पाणी होत नाही, तो हवेतच विरून जातो. त्यामुळे पेटी आतून स्वच्छ होती, आणि तेच भयंकर होतं. लोंब्यांच्या पुड्या मऊ पडल्या होत्या. एक उघडली तर आतला तुकडा काळपट हिरवा, उकडलेल्या भाजीसारखा.

"देख तो लेते हैं," रुबीना म्हणाली.

तिने दुपारपर्यंत खपून त्यातलं जे निघेल ते काढलं आणि तपासलं. चांगल्या आरएनएच्या दोन ठळक पट्ट्या पडद्यावर दिसतात. आमच्या नमुन्यांत वरपासून खालपर्यंत एक धूसर ओघळ होता. सगळे नमुने तसेच.

"मॅडम, इसमें कुछ नहीं बचा. दोबारा लाइए."

पण खाजणातली भातं आता पुढे सरकली होती. ज्या अवस्थेतली लोंबी हवी होती, ती खोडाच्या आत लपलेली, तांदळाच्या कणीएवढी असते. तिकडे आता त्या वाढून बोटभर लांब झाल्या असणार. मी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसले. रडू येत नव्हतं, राग मात्र आला होता. आणि रागातच मला झज्जरची आठवण झाली.

कार्यक्रमातल्या प्रत्येक संकराची लागवड तीन-चार ठिकाणी होते. खाऱ्या जमिनीची एक जागा दिल्लीजवळ झज्जर जिल्ह्यात होती, एका शेतकरणीच्या शेतात. तिथलं भूजल खारं. आणि तिथली लावणी आमच्यापेक्षा उशिरा झालेली. म्हणजे आपल्याकडे गेलेली वेळ तिथे कदाचित अजून यायची असेल.

मी तिथूनच डॉ. माथुरांना फोन लावला. पेटीचं सांगितलं.

"वेरी अनफॉर्च्युनेट," ते म्हणाले. "लेकिन मीटिंग आगे नहीं जाएगी, मॅडम."

"नका ढकलू," मी मराठीत म्हणून गेले आणि मग हिंदीत म्हटलं, "आगे मत कीजिए सर. मैं डेटा लेकर आऊँगी."

रुबीनाला जाऊन विचारलं, संपूर्ण जनुकसंच वाचायला आठवडे लागतील, पण निवडक जनुकं तेवढी किती दिवसांत मोजता येतील? ती म्हणाली, नमुना चांगला असेल तर थोड्या दिवसांत. मग आम्ही दोघी बसून जनुकं निवडली. मिठाला कोवळ्या पानांपासून दूर ठेवणारं एक जनुक माझं आवडतं होतं. माझी सगळी भिस्त त्याच्यावर. रुबीना म्हणाली, "एक-दो ऐसे भी रखिए जिन पर आपको भरोसा नहीं है." म्हणून रोपाच्या दिवस-रात्रीच्या घड्याळाशी संबंधित दोन जनुकं घेतली. रोपालाही घड्याळ असतं. सूर्य उगवायच्या आधीच ते पानांना तयारीला लावतं.

झज्जर

मीनाताईने सुट्टी टाकली. मी नको म्हणत होते. "अगं, एकटी कुठे शोधत फिरशील? मी गाडी चालवते, तू शेत बघ," ती म्हणाली आणि तिची लहानशी गाडी बाहेर काढली.

गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं दिसू लागलं. जमीन इतकी सपाट की माझ्या कोकणी डोळ्यांना टेकायला जागा सापडेना. आमच्याकडे शेत म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी चिमटीत धरल्यासारखं. इथे एकच बांध नजर पोचेल तिथपर्यंत.

शेत सरोजजींचं. पन्नाशीच्या, उंच, ओढणी डोक्यावरून घट्ट. नवरा वारल्यापासून शेती त्याच पाहतात. मी ओळख सांगितली तर म्हणाल्या, "आ ज्या, बेब्बे." बेब्बे म्हणजे बहीण, हे मीनाताईने हळूच सांगितलं.

आई आणि संकर, दोन्हींचे वाफे उत्तम होते. संकराचा तर इतका की मी त्याच्यात हात घालून उभी राहिले. मग बापाच्या वाफ्याकडे गेले आणि थांबले. वाफा अर्ध्याहून अधिक ओरबाडलेला. बुडख्यापासून खाल्लेली रोपं, चिखलात खुरांचे ठसे.

"नीलगाय," सरोजजी म्हणाल्या. "नास कर दिया. यो किनारे पे था, और लंबा भी. सबतै पहलां इसनै खा गी."

पाटाच्या कडेला थोडे चूड वाचले होते. चूड म्हणजे लावणीत एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका. त्यांचेही मुख्य फुटवे खाल्लेले, मागून फुटलेले तेवढे उरले होते. मी एक फुटवा कापून नखाने उभा चिरला. आत लोंबी अजून धरली नव्हती. आईचा आणि संकराचा फुटवा चिरला तर त्यांची वेळ उलटून चालली होती.

मी बांधावर बसून विचार केला. तिघांची अवस्था एकच हवी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. बापाला आणखी चार-पाच दिवस लागणार. तोवर बाकीचे दोघे पुढे जाणार. पण आईला आणि संकरालाही मागून फुटलेले उशिराचे फुटवे होतेच. तिघांचेही उशिराचे फुटवे घेतले, तर त्या दिवशी तिघं एका वयाचे मिळतील. पद्धत तिघांना सारखी राहील, म्हणजे तुलना खरी राहील.

"जमेल," मी मीनाताईला म्हटलं. "फक्त हे उरलेले चूड तोवर वाचले पाहिजेत."

तोवर सरोजजींनी जेवायला बोलावलं होतं. बाजरीची जाड भाकरी, वर लोण्याचा गोळा, लसणाची चटणी आणि ताक. भात नव्हता. मी सहज विचारलं तर त्या हसल्या. भात ते विकतात. घरात कुणी आजारी पडलं की मग शिजवतात. चारी बाजूंना भात उभा आणि ताटात भाकरी. आमच्याकडे भाताशिवाय पोट भरल्याचं कुणी मानत नाही. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

नीलगायींचं काय करायचं, यावर त्या म्हणाल्या की गावात लोक शेताभोवती साड्या बांधतात. रंगीत कापड वाऱ्यावर हललं की जनावर बिचकतं. पण त्यांच्याकडच्या सगळ्या जुन्या साड्या भाजीच्या तुकड्याला लागल्या होत्या, आणि इथल्या बायका साड्या नेसतात तरी किती.

"साड़ियाँ ना?" मीनाताई बोटं पुसत म्हणाली. "वो मेरे ऊपर छोड़ दीजिए."

साड्या

त्या संध्याकाळी मीनाताई कॉलनीच्या बागेत गेली आणि सगळ्यांना सांगितलं, जुन्या साड्या द्या, भाताला कुंपण करायचं आहे. आधी हसल्या. मग एकेक जिना उतरून येऊ लागल्या. बंगाली काकींनी लाल काठाची, धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी आणली. ओडिया बाईंनी दोन आणल्या, पैकी एक परत घेतली आणि थोड्या वेळाने तीही आणून दिली. वरच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंनी विचारलं, हा भात जाड लाल तांदळाचा आहे का? हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "फिर तो हमारा ही चावल है," आणि सोनेरी काठाची पांढरी साडी आणून दिली. पांढरा रंग रात्री जास्त दिसेल, असं त्यांचं म्हणणं.

मीनाताईने स्वतःच्या कपाटातून एक इरकल काढली. मावशीची होती ती. मी म्हटलं, ही नको. ती म्हणाली, "कधीपासून घडीत पडली आहे. काठ तुटलाय. जाऊ दे, कामाला येईल." ईशाने सगळ्या गाडीच्या मागच्या सीटवर रचल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणि सरोजजींनी मिळून बांबू रोवले आणि बापाच्या वाफ्याभोवती साड्या ताणून बांधल्या. गाठी मारताना सरोजजी एकेक पदर बोटांत धरून पाहत होत्या. काम झाल्यावर मीनाताई लांब जाऊन उभी राहिली. पाच-सहा राज्यांच्या साड्या हरियाणाच्या वाऱ्यावर फडफडत होत्या आणि आत ते उरलेसुरले खुरटे चूड उभे होते.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

"एवढ्यासाठी."

"बरं," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

नमुने

नमुने घ्यायच्या दिवशी रुबीनाने द्रवरूप नायट्रोजनचं भांडं दिलं. मोठ्या थर्माससारखं असतं. आतलं द्रव सतत उडत असतं आणि बंद जागेत ते श्वासाला धोक्याचं, म्हणून गाडीच्या सगळ्या काचा उघड्या ठेवायच्या अशी तिची सक्त ताकीद. सप्टेंबरचं ऊन, ट्रकांची धूळ, आणि आम्ही चारी काचा खाली करून चाललो होतो. मीनाताईने ओढणी नाका-डोक्याला गुंडाळली होती, फक्त चष्मा दिसत होता. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला आमच्या मागच्या सीटवरच्या धूर सोडणाऱ्या भांड्याकडे पाहून गाडी जरा बाजूला घेऊन उभा राहिला.

शेतावर पोचल्याबरोबर मी साड्यांकडे धावले. कुंपणाबाहेर नवे खूर उमटले होते. आत एकही नाही.

एक फुटवा चिरून पाहिला. आत कणीएवढी, पांढरी, लवदार लोंबी धरलेली होती. आईकडे आणि संकराकडेही तशीच सापडली. मग आम्ही कामाला लागलो. रोपातल्या जनुकांचं काम दिवसभरात वेळेप्रमाणे कमी-जास्त होतं, म्हणून आधी सगळी आई आणि मग सगळा बाप असं करून चालणार नव्हतं. एक आईचा, एक बापाचा, एक संकराचा, पुन्हा आईचा, अशी फेरी. मी चिखलात वाकून कापायची, चिरायची, चिमट्याने लोंबी उचलून नळीत टाकायची आणि नळी नायट्रोजनमध्ये. प्रत्येक नळी आत गेली की फस्स आवाज व्हायचा. मीनाताई नळ्यांवर आई, बाप, संकर अशी खूण करून हातात देत होती.

मध्येच माझा पाय चिखलात रुतला आणि बूट तिथेच राहिला. मी तो काढायला थांबले नाही. बापाचे चूड इतके थोडे होते की एक फुटवा चुकून वाया गेला तरी एक नमुना कमी झाला असता. शेवटचा फुटवा चिरला. लोंबी निघाली. नळीत गेली.

परत येताना मानेसरच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. मी झाकण जरा उचलून पाहिलं, नायट्रोजन बराच खाली गेला होता. मीनाताईने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि पुढच्या ट्रकवाल्याशी, मग त्याच्या पुढच्याशी काहीतरी बोलून आली. काय बोलली ते ती अजून सांगत नाही. पण रांग हळूहळू एका बाजूला सरकली आणि आमची गाडी कडेने निघाली.

रुबीना दारातच उभी होती. संध्याकाळी तिने पडद्यावर बोट ठेवलं. दोन ठळक पट्ट्या. सगळ्या नळ्यांत.

"अब काम शुरू," ती म्हणाली, आणि मला घरी जायला सांगितलं.

बैठक

आकडे बैठकीच्या आदल्या दिवशी आले. मी ते मीनाताईच्या जेवणाच्या टेबलावर उघडले आणि पहिल्याच ओळीला माझं तोंड उतरलं. मिठाचं ते माझं आवडतं जनुक संकरात जागं होतं, पण त्याच्या प्रती आईकडच्या आणि बापाकडच्या जवळजवळ सारख्या. ज्याच्यावर भिस्त होती त्यानेच साथ दिली नव्हती. या बापाच्या जागी दुसरा बाप आणला तरी हे जनुक तसंच चालेल असं कुणीही म्हणू शकलं असतं.

"वाईट आहे का?" मीनाताईने विचारलं.

"मला वाटलं होतं तसं नाही."

"पूर्ण वाचलंस का?"

मी पुढे वाचलं. घड्याळाचं एक जनुक, जे मी रुबीनाच्या आग्रहाखातर घेतलं होतं, संकरात आईपेक्षाही आणि बापापेक्षाही वेगळ्या जोरात चालू होतं, आणि त्याच्या बहुतेक प्रती बापाकडच्या होत्या. संकरजोम असाच असतो. दोघांच्या बेरजेतून न दिसणारं काहीतरी. पण ते इतकं उघड समोर येईल असं वाटलं नव्हतं. मी रुबीनाला फोन केला. तिने आकडे दोनदा तपासले होते.

बैठकीत मी दोन्ही सांगितलं. आधी माझा अंदाज कुठे चुकला ते, मग काय सापडलं ते. खोलीतले दोघं-तिघं आधीच बाप बदलायच्या बाजूने बोलून बसले होते. डॉ. माथुरांनी चष्मा काढला.

"मॅडम, एक खेत, एक दिन, और वो भी देर से निकले फुटाव. इससे क्या साबित हुआ?"

"साबित कुछ नहीं हुआ, सर," मी म्हटलं. "इतना दिखा कि यह बाप कुछ दे रहा है जो हम अभी समझते नहीं. जब तक समझें नहीं, तब तक निकालना ठीक नहीं. मैं दो जगह फिर से लगाऊँगी. सारे जीन पढ़ेंगे. अगर तब भी यही दिखा तो आप मानिए, नहीं तो मैं खुद काट दूँगी."

"खुद?"

"अपने हाथ से."

त्यांनी आकड्यांचा कागद पुढे ओढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, एक हंगाम. एकच. दोन जागा, त्यातली एक आणखी खारी हवी, जिथे आईचे पुरते हाल होतील आणि बाप नसेल तर संकरही पडेल. तिथे टिकला तरच पुढचं बोलणं. मी हो म्हटलं. अशी जागा कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.

पांढरा तुकडा

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा झज्जरला गेलो. साड्या परत न्यायच्या की राहू द्यायच्या ते विचारायचं होतं, आणि जागेचंही. सरोजजींनी साड्यांचं ऐकूनच घेतलं नाही. त्या तिथेच राहणार. जागेचं ऐकल्यावर म्हणाल्या, चल.

आम्ही नेहमीच्या शेताच्या पलीकडे, बाभळींच्या रांगेमागे गेलो. मी तिकडे कधी गेलेच नव्हते. तिथे एक मोठा तुकडा होता आणि त्यावर काहीच नव्हतं. जमिनीवर पांढरा थर आलेला, पायाखाली कुरकुरणारा. कडेला खुरट्या लव्हाळ्याचे दोन-चार पुंजके, तेही पिवळे.

"मेरे ब्याह के बखत आडै गेहूँ होया करता," सरोजजी म्हणाल्या. "इब किमे ना होता. घास भी ना. बेटा कह सै, बेच दे." त्यांनी मूठभर माती उचलली, चुरली आणि पुढे केली. "आडै लगा." इथेच लाव, असं त्या म्हणत होत्या.

मीनाताई माझ्याकडे पाहत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अनू, इथे काही येईल असं वाटत नाही मला. खरं सांग, येईल?"

मी ती माती तळहातावर घेऊन जिभेला लावली. आमच्या खाजणापेक्षाही खारट होती. घशापर्यंत चव गेली. इथे संकर मेला तर बापाचं नाव कायमचं कटणार होतं, आणि ते मी स्वतःच कबूल केलं होतं. याहून सौम्य जागा शोधली असती तर सापडलीही असती.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मग सरोजजींकडे वळले. "पानी चाहिए होगा. आपके ट्यूबवेल का, यही खारा वाला."

"वो तो सै."

"जून में आऊँगी. रोप मैं खुद तैयार करूँगी, यहीं."

सरोजजींनी मान हलवली, ओढणी सावरली आणि तुकड्याच्या मधोमध चालत गेल्या. तिथे पोचून पायाने पांढऱ्या थरात एक मोठी रेघ ओढली आणि वळून हाक मारली, पहिला वाफा इथून धरायचा का? मी बूट काढले आणि अनवाणी त्यांच्याकडे चालू लागले.